पाण्यात गुंडाळलेला फ्लोरीन

पृथ्वीच्या कवचात क्लोरीनपेक्षा फ्लोरीन जास्त आहे. तरी सजीवांनी बनवलेली क्लोरीनची संयुगं हजारोंनी सापडतात, फ्लोरीनची बोटांवर मोजण्याइतकी. असं का? अडचण पाण्याची आहे. फ्लोराइड आयनाला पाण्याचे रेणू असे काही बिलगून असतात, की तो कार्बनपर्यंत पोचतच नाही.

स्ट्रेप्टोमायसिस कॅटलेया या जिवाणूला मात्र हे जमतं. त्यातलं फ्लोरिनेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, डेव्हिड ओहेगन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जगापुढे आणलं. या विकराच्या खोबणीत शिरताना आयनाभोवतीचं पाणी सुटतं. शेजारीच एस-अ‍ॅडिनोसिल मिथिओनिनचा रेणू बसलेला असतो. त्याच्या एका कार्बनला आयन मागून जोडला जातो, आणि पुढून मिथिओनिन निखळतं. काम अतिशय संथ, मिनिटाला एक रेणूही पुरा होत नाही. पण नुसत्या पाण्यात तो कधीच झाला नसता, हे विसरू नका!

पुढच्या काही टप्प्यांनी यातून फ्लोरोअ‍ॅसिटेट बनतं, आणि ते जहर आहे. पेशीत त्याचं फ्लोरोसायट्रेट होतं आणि ऊर्जा देणारं क्रेब्ज चक्र अडतं. मग हा जिवाणू स्वतः कसा वाचतो? त्याच्याकडे आणखी एक विकर आहे. ते फ्लोरोअ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-ए तेवढं तोडतं. एका अणूचाच फरक असलेल्या, रोज लागणाऱ्या अ‍ॅसिटिल-कोएन्झाइम-एला जवळजवळ हात लावत नाही.