ओएसपीएफमधील फ्लडिंग कपात

फ्लडिंग कपात ही ओएसपीएफ (ओपन शॉर्टेस्ट पाथ फर्स्ट) या राउटिंग प्रोटोकॉलवर चालणाऱ्या नेटवर्कमध्ये राउटरांनी परस्परांना पाठवावयाच्या जाहिरातींची वाहतूक कमी करण्याची पद्धत आहे. काटेकोर अर्थाने ही संज्ञा जुलै २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ४१३६ या दस्तऐवजातील सुधारणेसाठी वापरली जाते. व्यापक अर्थाने तिच्यात क्षेत्रविभागणी, मार्गांचे एकत्रीकरण यांसारख्या उपायांचाही समावेश होतो.

पार्श्वभूमी

ओएसपीएफची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आली. आयपीव्ही४ साठी आज वापरात असलेली दुसरी आवृत्ती जॉन मॉय यांनी लिहिलेल्या आरएफसी २३२८ (एप्रिल १९९८) मध्ये वर्णिलेली आहे. प्रत्येक राउटर आपले दुवे आणि त्यांची किंमत सांगणारी लिंक-स्टेट जाहिरात, म्हणजेच एलएसए, तयार करतो. ही जाहिरात एका राउटरकडून दुसऱ्याकडे अशी क्षेत्रातील सर्व राउटरांपर्यंत जशीच्या तशी पोहोचते. या प्रसारास फ्लडिंग म्हणतात. सर्वांजवळ एकच नकाशा जमला की प्रत्येक राउटर डायक्स्ट्रा यांच्या रीतीने आपापले लघुतम मार्ग काढतो.

प्रत्येक एलएसएला सेकंदांत मोजले जाणारे वय असते. ते ३६०० सेकंद झाले की ती बाद ठरते. त्यामुळे मूळ राउटर दर १८०० सेकंदांनी, नेटवर्कमध्ये काहीही बदललेले नसले तरी, तीच माहिती नव्या क्रमांकासह पुन्हा प्रसृत करतो. ही पुनरुक्ती निरर्थक नाही. २७ ऑक्टोबर १९८० रोजी आर्पानेट हे इंटरनेटचे पूर्वज असलेले नेटवर्क काही तास ठप्प झाले होते. एका यंत्रातील बिघाडामुळे एकाच केंद्राच्या तीन सदोष जाहिराती वेगवेगळ्या क्रमांकांनिशी निर्माण झाल्या. प्रत्येक क्रमांक दुसऱ्यापेक्षा नवा ठरत राहिला आणि त्या थांबेनात. जाहिरातीचे वय, न फिरणारे सरळ क्रमांक आणि नियमित पुनर्प्रसारण या ओएसपीएफमधील योजना अशा बिघाडापासून नेटवर्क आपोआप सावरावे यासाठीच आहेत.

वाहतुकीचा अंदाज

उदाहरणादाखल असे नेटवर्क कल्पिता येईल की, ज्याचे मुख्य केंद्र बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यात आहे आणि एक टोक पालघरमार्गे माकुणसार येथील लहान कार्यालयात संपते. क्षेत्रात ५०० एलएसए असतील, तर प्रत्येकीचे दिवसाला ४८ वेळा पुनर्प्रसारण होऊन माकुणसारच्या एकमेव दुव्यावरून किमान २४,००० प्रती जातील. सरासरी आकार १०० बाइट धरल्यास ही वाहतूक सुमारे २.४ मेगाबाइट होते, पोचपावत्या वेगळ्या. ऑप्टिकल फायबरवर हा भार नगण्यच म्हणावा लागेल. मात्र जोडणीच्या वेळेनुसार आकार लागणाऱ्या दुव्यावर प्रश्न बाइटांचा राहत नाही, कारण प्रत्येक पुनर्प्रसारण दुवा पुन्हा जागा करते. तसेच एलएसएंची संख्या हजारोंत गेली आणि प्रत्येक राउटरला अनेक शेजारी असले, तर एकच जाहिरात अनेक वाटांनी येते व प्रत्येक प्रत तपासावी लागते.

डू-नॉट-एज बिट

आयएसडीएनसारख्या मागणीनुसार जोडल्या जाणाऱ्या दुव्यांसाठी एप्रिल १९९५ मधील आरएफसी १७९३ ने वयाच्या १६ बिटांपैकी सर्वांत वरचा बिट 'वय वाढवू नका' या अर्थाने राखून ठेवला. हा बिट असलेली एलएसए इतरांच्या संग्रहात असताना म्हातारी होत नाही. आरएफसी ४१३६ ने हीच युक्ती कायम जोडलेल्या दुव्यांवर आणली. राउटर स्वतःची एलएसए हा बिट लावून पाठवितो आणि दर अर्ध्या तासाचे पुनर्प्रसारण थांबवितो. प्रशासकाने ठरविलेल्या दीर्घ अंतराने सक्तीचे पुनर्प्रसारण करता येते. आशयात बदल झाला की नवी एलएसए तत्काळ निघतेच. मागणीनुसार जोडल्या जाणाऱ्या दुव्यांवर हॅलो संदेशही थांबविता येतात, येथे मात्र ते चालू राहतात. त्यामुळे शेजारी बंद पडल्याचे नेहमीप्रमाणेच कळते.

याची किंमत अशी की, एखाद्या राउटरच्या संग्रहातील नोंद बिघडल्यास ती अर्ध्या तासात आपोआप दुरुस्त होण्याची हमी उरत नाही. मूळ राउटरच नाहीसा झाला असेल, तर त्याच्या न म्हाताऱ्या होणाऱ्या नोंदी तो किमान ३६०० सेकंद पोहोचण्याजोगा नसल्याची खात्री झाल्यावर काढून टाकल्या जातात.

दुसरी अडचण सुसंगतीची आहे. हा बिट न समजणारा एकही जुना राउटर आढळला, की इतर राउटर आपल्या एलएसए बिटाविना पुन्हा काढतात आणि कपात संपते. सर्वसाधारण क्षेत्रांत हा परिणाम दूरवर पोहोचतो. स्टब क्षेत्राचा विचार मात्र स्वतंत्रपणे होतो. वरील उदाहरणात माकुणसारचा एक जुना राउटर बोईसरपर्यंतची कपात रद्द करू शकेल.

इतर उपाय

आरएफसी ४१३६ ची पद्धत स्थिर नेटवर्कसाठी आहे. दुवा वारंवार तुटत व जुळत असेल, तर प्रत्येक वेळी आशय खरोखर बदलतो आणि तिचा उपयोग होत नाही. तेथे बदलाची बातमी क्षेत्राबाहेर जाऊ न देणे हाच उपाय ठरतो. सीमेवरील राउटर १०.२०.०.० ते १०.२०.३.० हे चार /२४ मार्ग १०.२०.०.०/२२ असे एकच करून सांगू शकतो. त्यांपैकी एखादा नाहीसा झाला तरी बाहेरची जाहिरात तशीच राहते. माकुणसारसारख्या एकाच वाटेच्या टोकाला संपूर्ण स्टब क्षेत्रात ठेवल्यास बाहेरच्या सर्व मार्गांऐवजी एक डिफॉल्ट मार्ग पुरतो. इथरनेटसारख्या सामायिक माध्यमावर नियुक्त राउटर व त्याचा पर्यायी राउटर निवडला जात असल्याने १० राउटरांमध्ये ४५ ऐवजी १७ पूर्ण संलग्नता पुरतात.

डेटा सेंटरमधील दाट जाळ्यांत मात्र थेट दुव्यांची संख्याच मोठी असते. त्यांच्यासाठी ऑक्टोबर २०२४ मधील आरएफसी ९६६७ या प्रायोगिक दस्तऐवजाने निवडक दुव्यांच्या विरळ जाळ्यावरूनच फ्लडिंग करण्याची योजना मांडली आहे.