सम न सांगणारे तिघे

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागात, १७८, सेव्हन्थ अव्हेन्यू साउथ या पत्त्यावर एक अरुंद दार आहे. आत शिरलं की पंधरा पायऱ्या उतरून थेट तळघरात. खोली त्रिकोणी, छत बुटकं, आणि एकूण माणसं बसणार १२३. खायला काही मिळत नाही. स्वयंपाकघर आहे, पण त्यात कलाकार बसतात. जॅझच्या जगात ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या नावाला जे वजन आहे, ते या खोलीला.

मॅक्स गॉर्डनने १९३५ साली ही जागा घेतली, तेव्हा त्याच्या डोक्यात जॅझ नव्हतंच. सुरुवातीला तिथे कवी कविता वाचायचे, विनोदी नकला व्हायच्या, लोकगीतं व्हायची. क्लब पूर्णवेळ जॅझचा झाला १९५७ मध्ये. त्याआधी १९४८ साली लॉरेन नावाची तरुणी मॅक्सला गाठून म्हणाली की थेलोनियस मंक या पियानोवादकाला एकदा संधी द्याच. लॉरेन तेव्हा ब्लू नोट रेकॉर्ड कंपनीच्या आल्फ्रेड लायनची बायको. मंकच्या तबकड्या दुकानोदुकानी खपवत फिरणारी. मॅक्सने ऐकलं. मंक आला, वाजवायला बसला, आणि ऐकायला जवळजवळ कुणीच आलं नाही. मॅक्स वैतागला. पुढे लॉरेनने लायनला सोडून मॅक्सशीच लग्न केलं आणि तो १९८९ मध्ये गेल्यावर २०१८ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरपर्यंत, क्लब कडक हाताने चालवला. मंकच्या बाबतीत बाईंचं काही चुकलं नव्हतं, फक्त जरा घाई झाली होती.

क्लबातला जॅझ पियानोवादक हा अडचणीत सापडलेला म्होरक्या असतो. दोन्ही हात गुंतलेले. उठून इशारे करायची सोय नाही (मंक उठायचा, सहकाऱ्याचं वादन चालू असताना पियानो सोडून मंचावर गोल गोल नाचायचा, पण ते मंकचं). सोबत एक डबल बास, एक ड्रम्स. गाण्याचा साचा बहुधा ३२ बारचा, म्हणजे मात्रांच्या ३२ ठरावीक गटांचा. तेवढे संपले की एक कोरस, म्हणजे आपल्या भाषेत एक आवर्तन. आधी तिघं मिळून मूळ चाल मांडतात, मग त्याच साच्यावर पियानोवादक पाहिजे तितकी आवर्तनं उपज करतो, मग बास, कधी ड्रम्सबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण, आणि पुन्हा चाल. कोण किती वेळ वाजवणार हे आधी ठरलेलं नसतं. ते मान हलवून, एखादा सूर धरून ठेवून किंवा नुसतं थांबून सांगायचं.

थांबण्यात पियानोवादक अहमद जमालचा हात कुणी धरू नये. शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये जानेवारी १९५८ मध्ये झालेलं त्याचं ध्वनिमुद्रण ऐका, त्यातलं ‘पॉइन्सियाना’ तर ऐकाच. दोन-चार स्वर टाकून तो गप्प बसतो. इस्राएल क्रॉस्बीचा बास आणि व्हर्नेल फूर्निएचे ड्रम्स चालत राहतात आणि पियानो पुन्हा कधी येतो याकडे आपला कान लागतो. ती तबकडी शंभराहून अधिक आठवडे विक्रीच्या यादीत होती. नाक मुरडणाऱ्या समीक्षकांना ती हॉटेलात वाजवायची हलकीफुलकी चीज वाटली. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसला तसं वाटलं नाही. तो आपल्या वादकांना जमाल ऐकायला सांगायचा.

पियानोवादक बिल एव्हान्सची रीत याहून वेगळी, आणि माझ्या मते अधिक धाडसाची. जमालच्या त्रयीत कोण कुणासाठी वाजवतंय हे स्पष्ट असतं. एव्हान्सने १९५९ मध्ये बासवादक स्कॉट लाफारो आणि ड्रमवादक पॉल मोशियनला घेऊन जी त्रयी बांधली तिच्यात साथ आणि मुख्य वादन ही वाटणीच त्याने ढिली केली.

हे कसं, ते नीट पाहायला हवं. आपल्या मैफलीत तबलजी ठेका धरतो. गायक कितीही भटकला तरी सम कुठे आहे हे ठेक्यावरून कळतं. जॅझमध्ये तो आधार बासकडून मिळतो: प्रत्येक मात्रेला एक स्वर, आणि बारच्या पहिल्या मात्रेवर स्वरसंघाचा (कॉर्डचा) पायाचा स्वर. एव्हान्स डाव्या हाताने स्वरसंघ धरताना तो पायाचा स्वर गाळायचा. म्हणजे ते काम बासवर आलं. आणि लाफारो तेही बांधल्यासारखं करायचा नाही. मधल्या स्वरावरून वर चढायचा, पियानोच्या वाक्याला उलट उत्तर द्यायचा, मात्रा मोकळ्या सोडायचा. मोशियन ब्रशने स्नेअर ड्रमवर पोत विणत राहायचा. तिघांनाही सम पक्की ठाऊक, पण मोठ्याने कुणीच सांगत नाही. असं तिघांनी एकाच वेळी करायचं तर एकमेकांवर केवढा विश्वास हवा! एक जरी चुकला तर तिघंही पडणार.

रविवार, २५ जून १९६१ हा त्यांच्या व्हॅनगार्डमधल्या मुक्कामाचा शेवटचा दिवस. रिव्हरसाइड कंपनीचा निर्माता ऑरिन कीपन्यूज ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन तळघरात आला. दुपारी दोन आणि रात्री तीन अशा पाच बैठका टिपल्या गेल्या. सुरुवातीलाच नाट: लाफारोच्या ‘ग्लोरियाज स्टेप’मध्ये वीज गेली आणि फितीत खंड पडला. ध्वनिमुद्रणात ग्लास किणकिणतायत, कुणी हसतंय, गप्पा चालल्यात. माझ्या एका मित्राला या लोकांचा भयंकर राग येतो. मला येत नाही. श्रोते भारावून बसले असते तर एव्हान्सने ‘माय फूलिश हार्ट’ इतक्या कमी आवाजात, इतक्या बेपर्वाईने वाजवलं असतं असं मला वाटत नाही. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही त्याने आपल्या पुतणीसाठी बांधलेली चाल. तीन मात्रांची, पियानो आणि बास दोघंच ती मांडतात. मग मोशियन येतो आणि गाणं चार मात्रांवर सरकतं. तो सांधा दहा वेळा ऐकला तरी कोणी आधी पाऊल उचललं ते सांगता येत नाही.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा गावाजवळ मोटार अपघातात लाफारो गेला. पंचवीस वर्षांचा होता. एव्हान्सने कित्येक महिने लोकांसमोर वाजवलं नाही. त्या रविवारच्या वादनातून पहिली तबकडी निवडताना लाफारोचं वादन पुढे येईल अशाच चिजा घेतल्या. सुरुवात आणि शेवट त्याच्याच रचनांनी. उरलेल्यांतून ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ ही दुसरी निघाली. नंतर एव्हान्स अनेक बासवादकांबरोबर त्या तळघरात परत आला, अगदी जून १९८० मध्ये बासवादक मार्क जॉन्सन आणि ड्रमवादक जो लाबार्बेरा यांना घेऊनसुद्धा. त्याच वर्षी सप्टेंबरात तो वारला. ती शेवटची त्रयी ऐकताना वेग आणि तगमग जाणवते. १९६१ चा निवांतपणा तिच्यात नाही आणि तो तिथे शोधूही नये.

व्हॅनगार्डची घडी आजही जुनीच. मंगळवार ते रविवार एकच संच, रोज दोन बैठका. सोमवारी १९६६ पासून चालत आलेला मोठा वाद्यवृंद. आठवडाभराचा मुक्काम ही चैन नाही. मंगळवारी नव्या चिजांचे सांधे करकरतात. शनिवारपर्यंत नजरेची गरज उरत नाही. असे लांब मुक्काम आपल्याकडेही व्हायचे: मुंबईच्या ताज हॉटेलात १९३० च्या दशकात टेडी वेदरफर्डसारखा पियानोवादक महिनोन्महिने बँड चालवायचा आणि गोव्याचे वादक त्या काळात हॉटेलांच्या बँडमध्येच तयार झाले. पण तिथे माणसं नाचायला यायची, बँडने ताल सोडून चालणारं नव्हतं. व्हॅनगार्डमध्ये आता वादन चालू असताना बोलायला बंदी आहे.

१९९० च्या दशकात पियानोवादक ब्रॅड मेलडाऊ त्याच मंचावर त्रयी घेऊन बसला आणि जो तो त्याला एव्हान्सचा वारस म्हणू लागला. एका तबकडीसोबतच्या लेखात त्याने या तुलनेवर चांगलाच राग काढला. राग रास्त आहे. त्याचा डावा हात उजव्याशी स्वतंत्र भांडतो, एव्हान्सचा तसा कधी भांडला नाही. पण पियानो, बास, ड्रम्स घेऊन त्याच पंधरा पायऱ्या उतरायच्या, आणि वर तबकडीच्या नावात व्हॅनगार्डही घालायचं, मग लोकांनी दुसऱ्या कुणाची आठवण काढायची?