बहुकेंद्री मेंदू-प्रतिमांकन संशोधनातील यंत्रजन्य तफावत : स्वरूप व निवारण

प्रस्तावना :

जिवंत व्यक्तीच्या मेंदूची रचना व कार्य शस्त्रक्रियेविना अभ्यासण्याचे चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन अर्थात एमआरआय हे महत्त्वाचे साधन आहे. स्मृतिभ्रंश, स्वमग्नता, नैराश्य यांच्याशी निगडित मेंदूतील फरक सूक्ष्म असतात. ते निश्चित करण्यासाठी शेकडो व्यक्तींच्या प्रतिमा लागतात आणि एवढी संख्या एका रुग्णालयात मिळणे कठीण असते. म्हणून अनेक केंद्रे एकत्र येतात. अमेरिका व कॅनडात २००४ मध्ये सुरू झालेला अल्झायमरविषयक एडीएनआय प्रकल्प, तसेच १७ केंद्रांतील १,११२ व्यक्तींची माहिती २०१२ मध्ये खुली करणारा स्वमग्नताविषयक अबाइड प्रकल्प ही याची ठळक उदाहरणे होत. परंतु केंद्रे वाढली की यंत्रेही वाढतात व प्रत्येक यंत्र आपली छाप प्रतिमेवर सोडते. या छापेचे स्वरूप व ती कमी करण्याचे उपाय विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

तफावतीचे स्वरूप :

एमआरआय प्रतिमेतील उजळपणाला सी.टी. स्कॅनप्रमाणे प्रमाणित एकक नसते. चुंबकक्षेत्राची तीव्रता १.५ टेस्ला आहे की ३ टेस्ला, यंत्राचा उत्पादक कोण, कॉइल कोणती, सॉफ्टवेअर केव्हा बदलले, या सर्वांवर मोजमाप अवलंबून असते. यादृच्छिक त्रुटी नमुन्याची संख्या वाढविल्यास सरासरीत विरून जाते. यंत्रजन्य त्रुटी मात्र एकाच दिशेने झुकलेली असल्याने केवळ संख्या वाढवून नाहीशी होत नाही.

उत्तरपत्रिकांच्या मूल्यमापनाशी याची तुलना करता येईल. एक परीक्षक सर्वांनाच पाच गुण कमी देतो. दुसरा सर्वांचे गुण पन्नासच्या आसपासच ठेवतो. पहिल्यात सरासरी सरकते, दुसऱ्यात विस्तार आकुंचतो. यंत्रांतही हे दोन्ही दोष आढळतात.

निवारणाचे उपाय :

१) प्रतिमा घेण्यापूर्वी : सर्व केंद्रांवर समान कार्यपद्धती ठरविणे व ज्ञात मापाच्या 'फँटम' या कृत्रिम वस्तूचे प्रतिमांकन करून यंत्र पडताळणे. एडीएनआयने हाच मार्ग स्वीकारला. मात्र फँटम म्हणजे मेंदू नव्हे.

२) प्रवासी सहभागी : त्याच व्यक्तींचे प्रतिमांकन सर्व केंद्रांवर करणे. मेंदू तोच असल्याने दिसणारा पद्धतशीर फरक यंत्राचा ठरतो. जपानमधील यामाशिता व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९ निरोगी व्यक्तींना १२ केंद्रांवर नेण्यात आले. मेंदूच्या भागांमधील कार्यात्मक जोडणीवर केंद्रभेदाचा परिणाम मानसिक विकारांच्या परिणामाइतका किंवा त्याहून अधिक असल्याचे त्यातून दिसले. ही पद्धत विश्वसनीय, परंतु खर्चिक आहे.

३) सांख्यिकीय समायोजन : 'कॉम्बॅट' ही पद्धत जॉन्सन, ली व राबिनोविक यांनी २००७ मध्ये जनुकीय माहितीसाठी मांडली. फोर्टिन व सहकाऱ्यांनी २०१७ पासून ती मेंदू-प्रतिमांसाठी वापरली. वय, लिंग, निदान यांचा परिणाम राखून ती प्रत्येक केंद्राची सरासरी व विस्तार समपातळीवर आणते. मेंदूच्या अनेक भागांतील माहिती एकत्रितपणे वापरून अंदाज बांधला जात असल्याने केंद्रातील नमुना लहान असला तरी तो तुलनेने स्थिर राहतो.

मर्यादा :

एका केंद्रावर केवळ रुग्ण व दुसऱ्यावर केवळ निरोगी व्यक्ती असतील, तर विकाराचा परिणाम व यंत्राचा परिणाम वेगळा करणे कोणत्याही समायोजनाला शक्य नाही. एका महाविद्यालयाच्या सर्व उत्तरपत्रिका एकाच परीक्षकाकडे गेल्यास विद्यार्थी कच्चे की परीक्षक कठोर, हे गुणांवरून ठरविता येत नाही, तसेच हे आहे. शिवाय केंद्रांमधील प्रत्येक फरक यंत्रजन्य नसतो. एका केंद्रावर वृद्धांची संख्या अधिक असू शकते. असा खरा फरक यंत्रदोष समजून पुसल्यास संशोधनाचा विषयच हरवतो. संगणकीय निदान-प्रारूप घडविताना चाचणीसाठी राखलेली माहिती समायोजनाच्या वेळीच मिसळली, तर प्रारूपाची अचूकता वास्तवापेक्षा अधिक भासण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :

यंत्रजन्य तफावत दुर्लक्षित राहिल्यास यंत्राची खूण विकाराची खूण म्हणून नोंदली जाते व अशा निष्कर्षांवर आधारलेले निदान अखेर रुग्णाच्या वाट्याला येते. समायोजनाची पद्धत कितीही प्रगत असली, तरी प्रत्येक केंद्रावर रुग्ण व निरोगी अशा दोन्ही गटांचा समावेश, समान कार्यपद्धती आणि यंत्रातील प्रत्येक बदलाची नोंद यांना पर्याय नाही. म्हणून तफावतीच्या निवारणाचा विचार विश्लेषणाच्या टप्प्यावर नव्हे, तर संशोधन आराखड्यापासूनच होणे आवश्यक आहे.