बालकांतील आगंतु व्याधी : नोंद आणि प्रतिबंध

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या २४ व्या अध्यायात संघातबलप्रवृत्त व्याधींचा निराळा वर्ग मानून त्याचे शस्त्रकृत व व्यालकृत असे दोन भेद केले आहेत. चरकाचार्य तर शारीरस्थानाच्या ८ व्या अध्यायात बालकाची खेळणी कशी असावीत तेही सांगतात : वजनाने हलकी, अणकुचीदार नसलेली, तोंडात न जाणारी, प्राणघातक न ठरणारी. आघात टाळता येतो, ही दृष्टी आपल्या शास्त्रात मुळातच आहे. आपल्या नोंदवहीत मात्र ती क्वचितच दिसते.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांतून माझ्याकडे रुग्ण येतात. काही वर्षांपूर्वी तीन वर्षांची एक मुलगी उकळत्या पेजेने भाजून आली. मी 'दग्धव्रण' असे लिहिले, उपचार केले, व्रण भरला. पुढील पावसाळ्यात तिचाच धाकटा भाऊ तसाच भाजून आला, तेव्हा कोठे मी चौकशी केली. चुलीवरून उतरवलेला पेजेचा टोप मुलांच्या अंथरुणाशेजारी जमिनीवरच ठेवला जात असे. माझ्या वहीत लेप, मात्रा, पथ्य सारे होते. व्रण कसा झाला एवढेच नव्हते. टोपासाठी उंच ओटा त्यानंतर एका दिवसात झाला.

आघातांची मोजणी अवघड आहे, कारण सर्व जखमी एका दारी येत नाहीत. विहिरीत बुडालेल्या मुलाची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात होते, विंचू चावलेले मूल आधी भगताकडे जाते, हात मोडलेले हाडवैद्याकडे. सर्पदंशाचेच पाहा. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक मृत्यू १५ वर्षांखालील मुलांचे होते. घरोघरी जाऊन मृत्यूची हकीकत विचारल्यामुळेच हा आकडा हाती आला. केवळ रुग्णालयांच्या कागदांवरून तो कळला नसता.

एकट्या वैद्याच्या नोंदीने काय साधते, असे कोणी म्हणेल. शेजारच्या रायगड जिल्ह्यात डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांची लक्षणे खाटेशेजारी बसून टिपली. त्यातून प्राझोसिनचा उपचार पुढे आला आणि गंभीर विंचूदंशातील मृत्यूचे प्रमाण लक्षणीय घटले.

आपणास एवढे मोठे काम करावयाचे नाही. वय, ठिकाण, त्या वेळी मूल काय करीत होते आणि इजा कशाने झाली, हे चार रकाने पुरेत. वाडीतील मुलांची एकूण संख्या अंगणवाडी सेविकेकडून मिळते. तिने भागल्यावाचून दोन वाड्यांची तुलना व्यर्थ होय. वर्षभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या की उपायही दिसतो : कोठे विहिरीला कठडा, कोठे शीतपेयाच्या बाटलीत रॉकेल न ठेवणे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्यांना दंश करते, म्हणून अंथरुणाखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवी.

औषधविक्रेत्या बंधूंस एक विनंती. भाजल्याचे मलम मागणाऱ्यास 'कोणाला, कशाने?' एवढे अवश्य विचारावे. विंचू चावलेल्या मुलास दरदरून घाम, ओकारी व हातपाय गार ही लक्षणे असतील, तर वेदनाशामक गोळी देऊन घरी पाठवू नये. १०८ क्रमांकास फोन करावा, अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालयात धाडावे.