एकच नेता, दोन रेल्वे

ई. श्रीधरन यांनी कोकण रेल्वे आणि दिल्ली मेट्रो दोन्ही उभारल्या, म्हणजे प्रकल्प-नेतृत्वाचं सूत्र सगळीकडे एकच, असं म्हटलं जातं. मला हे अर्धवट वाटतं. मुदतीचा आग्रह दोन्हीकडे होता. पण कोकणात गाठ निसर्गाशी होती. पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत माती वारंवार ढासळली, मुदत लांबली आणि अखंड मार्ग १९९८ साली खुला झाला. अशा ठिकाणी निर्णय बोगद्याच्या तोंडाशी उभ्या अभियंत्याच्या हाती हवा. दिल्लीत वाहती रहदारी, जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि केबली सांभाळून खोदायचं होतं. तिथे नेत्याचा वेळ पालिका, पोलीस नि रहिवाशांशी बोलण्यात गेला तर तो वाया नव्हे. मग शिस्तीचं काय? ती हवीच, मात्र ती कशावर लावायची हे काम पाहून ठरतं.