त्रैक्य म्हणजे सम्राटाचा हुकूम नव्हे

येशू हा केवळ एक उपदेशक होता, सम्राट कॉन्स्टंटाइनने इ.स. ३२५मध्ये निकेयाच्या परिषदेत मतदान घेऊन त्याला देव ठरवले आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत तिथेच जन्मला, असे चांगली शिकलेली माणसेही बिनदिक्कत सांगतात. डॅन ब्राउन यांच्या ‘द दा विंची कोड’ (२००३) या कादंबरीने हा समज घरोघरी पोचवला. कादंबरी जरूर वाचावी, पण तिच्या आधारे इतिहास सांगू नये.

आधी तारखा पाहू. पौलाने करिंथकरांस दुसरे पत्र लिहिले ते इ.स. ५५-५७च्या सुमारास. त्याच्या शेवटच्या आशीर्वचनात प्रभू येशू, देव आणि पवित्र आत्मा यांची नावे एकत्र येतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देण्याची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे (२८:१९), आणि तेही पहिल्या शतकातले. ११२च्या सुमारास रोमन अधिकारी धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की, ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी स्वतः ख्रिस्ती नव्हता, तर त्यांची चौकशी करणारा होता. पुढे तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजचा तर्तुलियन त्रैक्याची मांडणी करतो. तोवर कॉन्स्टंटाइनचा जन्मही झाला नव्हता!

मग निकेयात वाद कशावर होता? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणे, पुत्र जगाच्या आधीचा आहे, पण तोही निर्माण केलेलाच. येशू निव्वळ माणूस होता, असे एरियसदेखील म्हणत नव्हता. पुत्र निर्मित आहे की पित्याशी एकतत्त्व आहे, एवढाच प्रश्न होता. ‘एकतत्त्व’ म्हणणाऱ्या विश्वासांगीकारावर (श्रद्धेच्या मांडणीवर) जमलेल्या शेकडो बिशपांपैकी शेवटपर्यंत सही नाकारणारे दोघेच. विश्वासांगीकारातला पवित्र आत्म्याविषयीचा सविस्तर भाग तर ३८१च्या कॉन्स्टंटिनोपल परिषदेशी जोडला जातो. तेव्हा कॉन्स्टंटाइनला जाऊन ४४ वर्षे झाली होती.

आणि राजसत्ता कोणाच्या बाजूने होती? निकेयाचा खंदा समर्थक अथनासियस पाच वेळा हद्दपार झाला. पहिल्यांदा खुद्द कॉन्स्टंटाइननेच त्याला पाठवले. मृत्युशय्येवर कॉन्स्टंटाइनला बाप्तिस्मा दिला तो एरियसच्या पाठीराख्या बिशपने. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस तर उघडपणे निकेयाच्या विरोधात होता. ३८०मध्ये सम्राट थिओडोशियसने निकेयाच्या श्रद्धेला राजमान्यता दिली, हे खरे. पण आधीपासून असलेल्या श्रद्धेला मान्यता देणे म्हणजे ती निर्माण करणे नव्हे.

अथनासियसने एवढे सोसले ते शब्दांच्या काथ्याकुटासाठी नाही. पुत्र आणि आत्मा स्वतःच निर्मित असतील, तर ते माणसाला देवाशी जोडणार कसे, असा त्याचा सवाल होता. जो इतरांना पवित्र करतो, त्याची पवित्रता उसनी असू शकत नाही. त्रैक्याचा सिद्धांत आणि माणसाला असलेले पवित्र होण्याचे पाचारण यांची गाठ इथे आहे.

इतर समज थोडक्यात:

‘ख्रिस्ती लोक तीन देव मानतात.’ नाही. देव एकच, ही इस्राएलची श्रद्धा (अनुवाद ६:४) येशूने स्वतः पहिली आज्ञा म्हणून सांगितली (मार्क १२:२९).

‘ब्रह्मा-विष्णू-महेशांसारखी कामांची वाटणी आहे.’ नाही. निर्मिती असो वा तारण, ते तिघांचे एकच कार्य, असे चर्च शिकवते.

‘पाणी, बर्फ आणि वाफ यांसारखेच हे.’ धर्मशिक्षणाच्या वर्गातही हा दाखला देतात. पण एकच देव तीन रूपे पालटतो, हे सबेलियसचे मत चर्चने तिसऱ्या शतकातच नाकारले.

‘सारा डोलारा १ योहान ५:७ वर उभा आहे.’ त्यातले त्रैक्याचे वाक्य प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत नाही. चौथ्या शतकातला ग्रीक वाद त्याच्या आधाराविनाच झाला.

‘पवित्रता फक्त फादर-सिस्टरांसाठी.’ पेत्राचे पहिले पत्र (१:१५-१६) साध्या विश्वासूंना उद्देशून आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘लुमेन जेन्सियुम’ (१९६४) या दस्तऐवजाचे पाचवे प्रकरण हेच बजावते: हे पाचारण संसारी आणि कष्टकरी माणसांसह सर्वांना आहे.

त्रैक्य काहींना पटणार नाही. ज्यू आणि मुस्लिम ते श्रद्धापूर्वक नाकारतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. नाकारायचे तर जरूर नाकारा, पण ते मुळात काय आहे हे समजून घेऊन. आणि दर रविवारी हा विश्वासांगीकार म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे: तो नुसता म्हणून भागत नाही, त्याप्रमाणे जगावे लागते.