थ्रेटचा हिशोब आणि टँकचे पवित्रे

मंडळी, टँक म्हणजे मार खाणारा गडी, अशी साधारण समजूत असते. पण मार खायला आधी शत्रू आपल्याकडे यायला हवा ना? तो आपल्यावरच खिळवून ठेवणं, हे टँकचं खरं काम. उदाहरणाला आपण २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचं मूळ रूप आणि त्यातला वॉरियर घेऊ. तिथे हा हिशोब स्वच्छ दिसतो.

प्रत्येक शत्रूजवळ एक यादी असते. कोणी किती घाव घातले, कोणी किती उपचार केले, त्याचे आकडे तिच्यात चढत जातात. हाच थ्रेट. टँकचा थ्रेट १००० असेल, तर जवळून लढणाऱ्याने ११०० ओलांडले की शत्रू त्याच्याकडे वळतो. लांबून मारणाऱ्याला १३०० ओलांडावे लागतात. उपचारांचा थ्रेट निम्मा धरतात आणि तो लढाईतल्या सगळ्या शत्रूंत वाटतात. म्हणजे १००० चा उपचार आणि पाच शत्रू असतील, तर प्रत्येकाच्या यादीत हीलरच्या नावावर १००. किरकोळ वाटतं? पण ज्या शत्रूला टँकने हातच लावलेला नाही, त्याच्या यादीत हीलर पहिला. तो सरळ हीलरवर धावतो.

आता पवित्रे. वॉरियरचे तीन आहेत: बॅटल, डिफेन्सिव्ह आणि बर्सर्कर. बॅटलमध्ये १०० चा घाव बसला तर थ्रेट मिळतो ८०. डिफेन्सिव्हमध्ये घाव १० टक्क्यांनी घटून ९० होतो, पण थ्रेट १.३ पट, म्हणजे ११७. शिवाय अंगावर येणारा मारही १० टक्के कमी. टाँटही याच पवित्र्यात चालतं. टाँट टँकचा थ्रेट यादीतल्या सर्वात वरच्या माणसाइतका करतं आणि शत्रूला तीन सेकंद आपल्याकडे खेचतं. त्या तीन सेकंदांत भर घातली नाही, तर तो पुन्हा निसटू शकतो.

मग कायम डिफेन्सिव्हमध्येच का राहू नये? ओनिक्सिया ही ड्रॅगन बघा. चाळीस जण तिच्याशी लढतात. टँक तिचं तोंड बाकीच्यांपासून फिरवून धरतो, कारण समोर आग असते. शेवटच्या टप्प्यात ती गर्जना करते आणि माणसं भिऊन सैरावैरा पळतात. टँकच पळाला तर ती त्याच्यामागे वळते, आणि आग पडते सगळ्यांवर. यावर उपाय म्हणजे बर्सर्कर रेज. तो वापरला की थोडा वेळ भीती लागत नाही. पण तो फक्त बर्सर्कर पवित्र्यात मिळतो, आणि तिथे मार १० टक्के जास्त बसतो. म्हणून गर्जनेच्या जरा आधी जायचं, बटण दाबायचं, लगेच परत यायचं.

त्यातही मेख आहे. पवित्रा बदलला की साठवलेला रेज, म्हणजे वॉरियरचं इंधन, वाहून जातो. टॅक्टिकल मास्टरी पूर्ण घेतली असेल तर जास्तीत जास्त २५ उरतो. रेज नाही तर घाव नाहीत, आणि घाव नाहीत तर थ्रेट नाही. तेव्हा बदलायच्या आधी रेज खर्चून टाका, त्याचं थ्रेटमध्ये रूपांतर करा.

आणि हे बाकीच्या एकोणचाळीस जणांनाही लागू आहे बरं का. टँक परतला की दोन-चार सेकंद हात आखडा. नाहीतर यादीत तुम्ही वर जाल, आणि बोल मात्र टँकला लागेल.